अल्फा की फियाट? आर्वीच्या शेडमध्ये इटालियन स्पायडर ठेवायची असेल तर

आम्ही वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीचे. साडूचा पोरगा पुण्यात नोकरीला आहे. दिवाळीत घरी आला तेव्हा त्यानं मोबाइलवर दोन गाड्या दाखवल्या. एक अल्फा रोमिओ २००० स्पायडर, दुसरी फियाट १२४ स्पायडर, दोन्ही सत्तरीच्या सुरुवातीच्या. स्पायडर म्हणजे उघड्या टपाची छोटी गाडी. "काका, गाडी आर्वीलाच राहील. सुट्टीत येईन अन् घरीच खोलखाल करीन. कोणती घेऊ?"

त्याला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही, कारण चुलीवरची भाकर करपत होती आणि बायको हाका मारत होती. म्हणून सवडीनं लिहितो आहे.

माझी स्वतःची गाडी पद्मिनी. १०८९ सीसीचं साधं फियाट इंजिन, डोळे मिटून खोलता येतं. एका डॉक्टरसाहेबांची अल्फा गेली चार वर्षं आमच्या गोडाऊनमध्ये उभी असते आणि तिची देखभाल माझ्याकडे आहे. १२४ मात्र अमरावतीला एका ओळखीच्यांकडे दोनदाच उघडली. फियाटबद्दल माझं मत तेवढ्यापुरतंच धरा.

कागदावर दोघी सख्ख्या बहिणी. दोघींचं मूळ मॉडेल १९६६ सालचं, दोघींची बॉडी पिनिनफरिना या इटालियन कंपनीची, दोन्ही इंजिनांत वर दोन-दोन कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारे दांडे), पाच गिअर, चारही चाकांना डिस्क ब्रेक. पद्मिनीचे दहा, तेरा, सतराचे पाने दोघींनाही चालतात. फरक कळतो तो व्हॉल्व्ह कव्हर काढल्यावर.

व्हॉल्व्हची फट जुळवायला दोन्ही गाड्यांत पातळ-जाड चकत्या बदलाव्या लागतात. अल्फात ही चकती टॅपेटच्या, म्हणजे कॅमशाफ्ट आणि व्हॉल्व्हच्या मधल्या वाटीखाली बसते, म्हणजे एक चकती बदलायची तरी चेन सैल करा, कॅमशाफ्ट उचला, वाटी काढा, चकती मोजा, पुन्हा सगळं बसवा आणि फट परत तपासा. पहिल्यांदा केलं ते मे महिन्यात. पेपरवर पेनानं आठ चौकोन आखून एकेका चौकोनात करंगळीच्या नखाएवढी एकेक चकती मांडली होती. भाचीला माझी दया आली, तिनं कूलर सुरू केला. पेपर फडफडला आणि आठही चकत्या फरशीवर एकत्र. मग लेथवाल्याचा मायक्रोमीटर आणून सगळ्या मोजल्या, आणि एका कामाचे तीन दिवस झाले. आता चकत्या अंड्यांच्या ट्रेमध्ये ठेवतो.

फियाटचं इंजिन लाम्प्रेदी या इंजिनिअरनं आखलेलं. त्यात चकती चांगली नाण्याएवढी आणि वाटीच्या वर बसते. वाटी खाली दाबून धरायची, आकड्यानं चकती ओढून काढायची, कॅमशाफ्टला हात लावायचं कामच नाही. दाबायचं हत्यार आमच्या लेथवाल्यानं पट्टीच्या तुकड्यातून बनवून दिलं. अमरावतीला सकाळी सुरू केलं आणि जेवायच्या आत आठही व्हॉल्व्ह झाले.

पण फियाटचे कॅमशाफ्ट रबरी दातेरी पट्ट्यावर फिरतात, अल्फाचे चेनवर. चेन वाजायला लागते, म्हणजे आधी सांगते. पट्टा काही सांगत नाही. तुटला तर व्हॉल्व्ह वाकायची भीती, आणि आपल्याकडे पंचेचाळीस डिग्रीत गाडी चालो न चालो, रबर कडक होतंच. त्यामुळे किलोमीटर मोजू नका, वर्षं मोजा. विकणारा म्हणेल, "पट्टा नवाच आहे." कधी टाकला ते विचारायचं, बिल नसेल तर घरी आणल्यावर पहिलं काम तेच. बदलताना खुणा नीट जुळवायच्या, मधल्या छोट्या शाफ्टच्यासुद्धा.

पाण्याचा मुद्दा इथल्या माणसानं जास्त मनावर घ्यायला पाहिजे. अल्फाचा ब्लॉक आणि हेड दोन्ही ॲल्युमिनियमचे, आत ओतीव लोखंडाचे लायनर (पिस्टन ज्यात वर-खाली होतो त्या नळ्या), आणि पाणी थेट त्या लायनरला लागतं. फियाटचा ब्लॉक लोखंडी, फक्त हेड ॲल्युमिनियमचं. गरम दोघीही होतात, पण एकदा तापल्यावर अल्फाला जास्त महागात पडतं. तिच्या हेड गॅस्केटमध्ये, म्हणजे ब्लॉक आणि हेडच्या मधल्या पत्र्यात, तेलाच्या वाटांना छोट्या रबरी रिंगा असतात. त्या गेल्या की तेल बाहेर झिरपतं किंवा पाण्यात मिसळतं. डॉक्टरसाहेबांच्या रेडिएटरमध्ये आधी कुणीतरी बोअरचं पाणी भरलेलं होतं. बाहेर काढलं तेव्हा चहाच्या भांड्याच्या तळाला बसतो तसा पांढरा थर निघाला. आमचं बोअरचं पाणी डाळसुद्धा नीट शिजू देत नाही, ते ॲल्युमिनियमच्या इंजिनात कसं चालेल? डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट, दुसरं काही नाही.

कार्बोरेटरही तसंच. अल्फा २००० वर आडवे दोन, प्रत्येकाला दोन हवेच्या नळ्या, म्हणजे चार. चारही सारख्या ओढतात का ते बघायला मी रबरी नळीचं एक टोक कानाला आणि दुसरं एकेका नळीच्या तोंडाशी धरतो. हे काम मला आवडतं, खोटं कशाला बोलू. जुळलं की इंजिनाचा आवाज असा बदलतो की शेजारचे कुंपणाशी येऊन उभे राहतात. पण धूळ गेली की पुन्हा बिघडतं, आणि कापूस वेचणीच्या दिवसांत इथे धुळीला काय तोटा! बहुतेक १२४ वर वेबर कंपनीचा दुहेरी नळीचा एकच कार्बोरेटर असतो. पद्मिनीचा कार्बोरेटर साफ केलेल्या मिस्त्रीला तो अर्ध्या तासात कळतो. उन्हाळ्यात पेट्रोलची वाफ होऊन गाडी बंद पडली तर पद्मिनीवाल्यांची ओली फडकी मेकॅनिकल पंपावर दोघींनाही चालते. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी दोघींच्या रबरी नळ्या मात्र बदला, आणि टाकी भरून महिनोन् महिने गाडी उभी ठेवू नका.

अल्फाचा ऑइल संप, म्हणजे इंजिनाखालची तेलाची परात, ॲल्युमिनियमची, बाहेरून पात्या असलेली आणि खाली लोंबणारी. त्यात सहा लिटरच्या आसपास तेल मावतं. आमच्या फाट्यावरचा गतिरोधक ज्यानं घातला त्याला गाडी नावाची वस्तू ठाऊक नसावी. तिथे अल्फा तिरपी घालूनच नेतो, आणि मागचा ट्रॅक्टरवाला ओरडतो, "काहून वाकडी चालवून राह्यला बे!"

इथवर फियाटचंच पारडं जड दिसतं. अडचण एकच आहे, पण मोठी. १२४ स्पायडर उजव्या स्टिअरिंगची कंपनीनं कधी बनवलीच नाही. अल्फा मिळते. पुलगाव रस्त्यावर कापसाच्या गाडीमागे अडकलात की डाव्या बाजूला बसून पुढचं काहीच दिसत नाही. अमरावतीच्या गृहस्थांना त्यांची बायको शेजारून सांगते, "थांबा, थांबा, हं, आता घ्या." ती माहेरी गेली की गाडी शेडमध्येच.

पन्नास वर्षांच्या वरची गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवली तर २०२१ च्या नियमाप्रमाणे २०,००० रुपये फी आणि नंबरात 'व्हीए'. पण मग ती रोज फिरवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, देखभाल, पेट्रोल एवढ्यापुरतीच. आणि १२४ सेडानची बॉडी आपल्याकडे प्रीमियर ११८ एनईला होती, म्हणून स्पायडरच्या इंजिनाचे पार्ट कबाडात मिळतील असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या. त्या ११८ एनईत निसानचं इंजिन होतं. दोघींचेही पार्ट परदेशातून मागवायचे, कस्टमसकट.

गाडीआधी शेडची फरशी करून घे. काळ्या मातीवर जॅक लावलेला मी एकदाच. उन्हाळ्यात जमिनीला भेगा, पावसाळ्यात तीच माती फुगते, स्टँड कलंडतो. सहा इंच काँक्रीट हवं. वायरिंग कुरतडणाऱ्या उंदरांसाठी मांजर आहेच घरात.

माझं मत विचारशील तर, स्वतः खोलणार असशील तर फियाट घे. फक्त तेल, कार्बोरेटर बघून बाकी काम नागपूरला किंवा मुंबईला पाठवणार असशील आणि खिसा तेवढा असेल, तर अल्फा. आणि आजवर एकही इंजिन उघडलं नसशील, तर आधी दोन उन्हाळे माझ्या पद्मिनीवर हात बसव, पाने मी देतो.

बघायला जाशील तेव्हा फडक्यात गुंडाळलेलं चुंबक सोबत ने. दारांच्या खालची पट्टी, फ्लोअर, पुढच्या शॉकॲब्सॉर्बरच्या वरचा भाग, सगळीकडे लावून बघ. जिथे चिकटत नाही तिथे पुट्टी आहे. समुद्रकाठची गाडी असेल तर दोनदा बघ.