चोपड्याहून करून आणलेलं लोखंडी खुराडं: जाळी अव्वल, कडी मात्र बदलून घ्या

आमचं घर चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. मागच्या दारी केळीचा बाग. त्या दाट सावलीत रानमांजर आणि उदमांजर दिवसभर दडून असतात आणि अंधार पडला की निघतात. मुंगूस तर अंधाराचीही वाट पाहत नाही, भरदुपारी येऊन अंडी फोडतं. गेल्या वर्षी खुडूक कोंबडी आणि तिच्या पोटाखालची पिल्लं एकाच रात्रीत गेली, तेव्हाच पक्कं खुराडं करायचं ठरवलं.

चोपड्याच्या एका वेल्डिंगवाल्याकडून हे करून घेतलं. सहा फूट लांब, चार फूट रुंद, घरपोच अकरा हजार. दहा-बारा गावरान कोंबड्या रात्री मोकळेपणानं बसतात. उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही काढून मग लिहितेय.

पैसे वसूल झाले ते जाळीत. बाजारात कोंबडीजाळी म्हणून षटकोनी भोकांची पातळ जाळी मिळते. ती कोंबडीला आत ठेवते, पण कुत्र्यानं दात लावले की फाटते, आणि मोठ्या भोकांतून मांजराचा पंजा सहज आत जातो. कोंबडी जाळीला टेकून झोपली असेल तर ती बाहेरूनच ओढली जाते. या खुराड्याला अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी आहे, तार सोळा गेजची. (गेजचा आकडा जितका मोठा तितकी तार बारीक, हे दुकानात लक्षात ठेवा.) त्यातून पंजा जात नाही, मुंगसाचं तोंड जात नाही, मोठी धामणही अडते. खालचा दीड फूट सगळीकडून पत्रा आहे आणि बसायचा दांडा मधोमध, जाळीपासून लांब. हे त्या कारागिरानं न सांगता केलं, त्याचं मला फार कौतुक वाटतं.

पण खरी परीक्षा जमिनीची असते. आमची काळी माती. मे महिन्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात खालून उकरायला लोण्यासारखी मऊ होते. म्हणून चारी बाजूंनी फूटभर जाळी जमिनीवर आडवी पसरून घेतली आहे, तिच्यावर माती आणि दगड. उकरणारं जनावर भिंतीच्या अगदी बुडाशी येऊन उकरतं, तिथंच त्याची नखं तारेला लागतात. पावसाळ्यात दोन ठिकाणी उकरल्याच्या खुणा दिसल्या, आत मात्र काही आलं नाही. ही झालर वेगळे पैसे देऊन मागावी लागते. मागाच.

पहिल्या दिवशी सासूबाई बघून म्हणाल्या, "कोंबड्यासले तुरुंगमा टाकं का व माय?" आता संध्याकाळी दार लावलं की नाही, हे त्याच आधी विचारतात.

आता उणिवा. वर नुसता पत्रा आहे. आपल्याकडे पारा ४४-४५ ला जातो, तेव्हा त्या पत्र्याखाली कोंबडी धापा टाकते. मी वर पऱ्हाट्यांचा जाड थर घातला आणि दुपारी ओलं बारदान टाकत राहिले, तेव्हा कुठे निभावलं. भिंतींच्या वरच्या भागात जाळी असल्यानं वारा खेळतो, म्हणून बरं. चाकं लावून देतात, ती काळ्या मातीत फिरत नाहीत. त्यापेक्षा अंडी काढायला बाहेरून उघडणारी खिडकी द्यायला हवी होती. सध्या अंड्यांसाठी वाकून आत शिरावं लागतं.

कडी साधी, वर उचलायची आहे. अमेरिकेत रकून नावाचा प्राणी पुढच्या पंजांनी अशा कड्या उघडतो, म्हणून तिकडचे लोक दोन वेगळ्या हालचाली केल्याशिवाय न उघडणारं कुलूप लावतात. आपल्याकडे रकून नाही, पण कुत्रा धडका देतो आणि धडकेनं ही कडी उचलली जाते. मी कोयंडा बसवून त्यात स्प्रिंगचा हूक अडकवला, चाळीस रुपयांत काम झालं.

कोणी म्हणतं, एवढा खर्च कशाला, फासे लावा, विष ठेवा. कृपा करून ते करू नका. मुंगूस, रानमांजर, उदमांजर यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, आणि शेतातले उंदीर तेच खातात. विषानं आधी आपलंच कुत्रं जातं.

दिवसा पिल्लांवर शिक्रा आणि कावळे टपतात, पण पिल्लांना दिवसभर आत ठेवायला हे खुराडं लहान पडतं. पिल्लं थोडी मोठी होईपर्यंत मी त्यांना अंगणात डालग्याखालीच ठेवते. घ्यायचं असेल तर उन्हाळ्याआधी सांगून ठेवा, आणि जाळी, झालर, कडी या तिन्ही गोष्टी कागदावर लिहून द्या.