तासाला 600 की महिना एक लाख?

दोन ऑफर हातात आहेत. एक तासाला 600 देते, दुसरी महिन्याला 1,00,000. दोन्हीकडे आठवड्याला पाच दिवस, रोज आठ तास. घ्यायची कोणती?

पटकन होणारा हिशेब असा: आठवड्याचे 40 तास, महिन्याचे चार आठवडे, म्हणजे 160 तास. 600 ने गुणलं की 96,000. एक लाख जास्त, विषय संपला. मी स्वतः पूर्वी ऑफर लेटरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर हीच आकडेमोड केली होती आणि तिच्यावर विसंबून होकार कळवला होता. चूक त्या ‘चार’मध्ये आहे. बारा चोक अठ्ठेचाळीस, पण वर्षात आठवडे 52. म्हणून आधी वर्ष काढायचं, मग महिना. 52 गुणिले 40 म्हणजे 2,080 तास. बाराने भागले की महिन्याला सरासरी 173.33. या हिशेबाने तासाची ऑफर 1,04,000 वर जाते. पारडं फिरलं.

ते पुन्हा फिरतं ते रजेमुळे, आणि माझ्या मते खरा निर्णय इथेच होतो. तासाच्या कामात बहुधा भरलेल्या तासांचेच पैसे मिळतात. सुट्ट्या, आजारपण, घरचं कार्य मिळून वर्षाचे 30 दिवस धरा. 260 पैकी 230 दिवस उरतात, म्हणजे 1,840 तास आणि 11,04,000. महिन्याला पडले 92,000. पगारी नोकरीत हेच 30 दिवस भरपगारी असतील तर तिथे पूर्ण 12,00,000 मिळतात.

आता जादा वेळ. मासिक पगारात रोज तासभर उशीर झाला तरी आकडा सहसा तोच राहतो. आठवड्याचे 45 तास झाले, तर त्या 230 दिवसांच्या 46 आठवड्यांत 2,070 तास होतात. पगाराला भागून पाहा: तासाला जेमतेम 580 पडतात. तेवढेच तास 600 ने मोजून मिळाले तर 12,42,000 होतात. दोन्ही ऑफर आठवड्याला साधारण साडेत्रेचाळीस तासांवर सारख्या होतात, म्हणजे रोज 42 मिनिटं जास्त बसलात की.

महिन्यागणिकची चढउतारही बघा. 28 दिवसांच्या फेब्रुवारीत कामाचे 20 दिवस, एखाद्या 31 दिवसांच्या महिन्यात 23. मासिक पगार हलत नाही. तासाचा 96,000 वरून 1,10,400 वर जातो आणि परत खाली येतो. घराचा हप्ता चालू असेल तर सरासरी नको, सगळ्यात कमी आकडा धरा.

तिसरी ऑफर वार्षिक आकड्यात आली तर सरळ बाराने भागू नका. त्यात बोनस किंवा निवृत्तीनिधीतला कंपनीचा वाटा धरलेला असू शकतो. तो आधी बाजूला काढा.

घर एकाच्या पगारावर चालत असेल तर मी मासिक पगार घेईन. पण होकाराआधी तीन गोष्टी विचारेन: पगारी रजा किती, जेवणाची सुट्टी आठ तासांत धरली आहे का, आणि टीममधले लोक रोज किती वाजता निघतात. तिसऱ्याचं उत्तर एचआरकडून नको, त्या टीममध्ये बसणाऱ्याकडून घ्या.