बेल ओंब्रचं हेरिटेज गोल्फ क्लब: अटवाल जिथे प्लेऑफ खेळला तिथे बाबांसोबत एक राऊंड

मॉरिशसला गेलेले आपले बहुतेक लोक बीच, मोठी कासवं, शामारेलची सात रंगांची माती आणि गंगा तलाव एवढं करून परत येतात. आम्ही मात्र मे महिन्यात फक्त एका गोल्फ कोर्ससाठी गेलो होतो. बाबा ६८ वर्षांचे, पुण्यात तीस वर्षं खेळतायत, आणि त्यांच्या डोक्यात हा कोर्स २०१७ पासून बसला होता, म्हणून रिव्ह्यू जरा सविस्तर टाकतेय.

आधी २०१७ चं सांगते, नाहीतर बाकीचं कळणार नाही. डिसेंबरमधला रविवार होता, मॉरिशस ओपन या गोल्फ स्पर्धेची शेवटची राऊंड टीव्हीवर चालू होती आणि आपला अर्जुन अटवाल, वय ४४, साऊथ आफ्रिकेच्या डिलन फ्रिटेलीबरोबर बरोबरीत आला आणि मॅच प्लेऑफला गेली, म्हणजे बरोबरी सुटेपर्यंत जादा होल खेळायचे. अटवाल म्हणजे २०१० मध्ये अमेरिकेच्या पीजीए टूरवर (टूर म्हणजे व्यावसायिक स्पर्धांची मालिका) स्पर्धा जिंकणारा पहिला भारतीय, पण त्यानंतर मधे बरीच वर्षं तो फारसा दिसतच नव्हता, त्यामुळे आमच्या घरी जेवणं तशीच राहिली आणि सगळे टीव्हीसमोर. फ्रिटेलीने पहिल्याच एक्स्ट्रा होलला बर्डी (ठरलेल्यापेक्षा एक फटका कमी) मारून घेतली आणि संपलं. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत, मग एवढंच म्हणाले, "एकदा ती जागा बघायची."

ती जागा म्हणजे बेल ओंब्रचा हेरिटेजचा जुना कोर्स, ल शातो. बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर आहे, एअरपोर्टपासून गाडीने साधारण तासभर. मागे हिरवागार डोंगर, पुढे समुद्र, आणि मधे ज्या वाड्यावरून कोर्सला नाव पडलं तो जुना शातो. हा सगळा भाग म्हणजे आधी साखरेची इस्टेट, १८१६ मध्ये चार्ल्स टेल्फेअर नावाच्या माणसाने घेतलेली. पुढे युरोपने साखरेचा हमीभाव ३६ टक्क्यांनी कापला आणि बेटावरच्या ऊसवाल्यांना दुसरं काहीतरी शोधणं भागच पडलं, त्यातून हॉटेलं आणि गोल्फ आणखी वाढलं. अशा इस्टेटींवर ऊस तोडायला १८३४ पासून आपल्याकडून माणसं नेली, त्यात रत्नागिरीकडची मराठी माणसंही होती. मला फेअरवेवरून, म्हणजे होलकडे जाणाऱ्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावरून, चालताना हे सारखं आठवत होतं. इतकं सुंदर गवत आणि त्याखाली कोणाकोणाचा घाम मुरलाय.

आता अनुभव. आमचं गोल्फ किट एका विमान कंपनीने वेळेवर पोचवलंच नाही, दुसऱ्या दिवशी रात्री आलं, आणि टी टाईम, म्हणजे खेळ सुरू करायची ठरलेली वेळ, सकाळचा. बाबांचा चेहरा पार उतरला होता. गोल्फ क्लबच्या काउंटरवरच्या मुलीने बाबांची उंची बघितली, आत गेली आणि स्टिक्सचे दोन वेगवेगळे सेट घेऊन आली, म्हणाली दोन्ही हातात धरून बघा, सरावाच्या रेंजवर चार-चार बॉल मारा आणि मग ठरवा. घाई अजिबात नाही. भाड्याच्या सेटमध्ये नेहमी ग्रिप गुळगुळीत झालेली असते, इथे तसं नव्हतं, ग्रिप अगदी नवीनसारखी आणि सँड वेज (वाळूतून बॉल काढायची स्टिक) पण चांगला. आमचं नाव वाचून स्टार्टर काकांनी (खेळाडूंना वेळेवर खेळायला सोडणारे) विचारलं तुम्ही मराठी का, आणि मग छातीवर हात ठेवून म्हणाले, "मी पण मराठी." त्यापुढचं सगळं तिथल्या क्रिओल भाषेत आणि इंग्लिशमध्ये, कारण त्यांची आजी मराठी बोलायची, त्यांना स्वतःला फक्त आरती येते. घरी गणपती दरवर्षी बसतो म्हणाले, आणि तिथे गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते हे मला माहीत होतं पण असं समोरच्या माणसाच्या तोंडून ऐकलं तेव्हा फार बरं वाटलं.

कोर्स पीटर मॅटकोविचने डिझाईन केलाय. फेअरवे बऱ्यापैकी रुंद, त्यामुळे बाबांसारख्या सरळ पण कमी लांब मारणाऱ्याला मजा येते, मात्र वारा सुटला की हिशोब सगळा बदलतो. समुद्राकडून वारा आला तर दोन क्लब जास्त, म्हणजे दोन नंबर लांब मारणारी स्टिक, घ्यावी लागत होती. पाणी बऱ्याच ठिकाणी आडवं येतं, मी तिथे चार बॉल घालवले. बंकरमधली वाळू छान, ग्रीन (होलभोवतीचं बारीक गवत) आमच्या सवयीपेक्षा फास्ट, पहिल्या तीन होलवर माझे सगळे पट, म्हणजे ग्रीनवरचे हलके फटके, पुढे निघून जात होते.

१८ वा होल पार ५, म्हणजे पाच फटक्यांत पूर्ण करायचा. तिथे पोचल्यावर बाबा बग्गीतून उतरले आणि फेअरवेच्या मधोमध नुसते उभे राहिले. मागे कोणी नव्हतं म्हणून मीही काही बोलले नाही. मग त्यांनी मला २०१९ चं पण सांगितलं, कारण त्या वर्षीही प्लेऑफ याच होलवर झाला होता, रासमुस होयगार्ड, डेन्मार्कचा, फक्त १८ वर्षांचा पोरगा, आंतवान रोझनेर आणि रेनातो पारातोरे यांच्याशी खेळत होता आणि तिसऱ्या एक्स्ट्रा होलला त्याने ईगल (पारपेक्षा दोन फटके कमी) केला. २००० नंतर जन्मलेला युरोपियन टूरचा तो पहिला विजेता. बाबांचा तिसरा शॉट ग्रीनवर बसला, दोन पटमध्ये पार. त्यांनी तो बॉल खिशात टाकला आणि परत खेळायला काढलाच नाही.

या स्पर्धेबद्दल आपल्याकडे फारसं कोणाला माहीत नाही आणि मला ते खटकतं. सुरू झाली २०१५ च्या मे मध्ये, याच कोर्सवर, आणि जॉर्ज कुत्सी प्लेऑफमध्ये थोर्ब्योर्न ओलेसनला हरवून जिंकला. बक्षीस दहा लाख युरो, मोठ्या स्पर्धांच्या मानाने छोटंच. पण मोठी गोष्ट अशी की युरोपियन टूर, एशियन टूर आणि साऊथ आफ्रिकेची सनशाईन टूर अशा तिघांनी मिळून ही स्पर्धा भरवली होती. त्यामुळे आपल्या भागातल्या ज्या मुलांना युरोपच्या टूरवर एरवी दारातही उभं करत नाहीत त्यांना एशियन टूरच्या जोरावर इथे जागा मिळायची. आणि त्या मुलांनी ती वाया घालवली नाही. २०१६ मध्ये मॉरिशसमधल्याच अनाहिताच्या कोर्सवर बांगलादेशचा सिद्दीकुर रहमान कोरियाच्या वांग जंग-हुनच्या मागे फक्त एका फटक्याने दुसरा आला, हाच सिद्दीकुर जो ढाक्याच्या कुर्मिटोला क्लबवर बॉल बॉय होता आणि त्याच वर्षी रिओ ऑलिंपिकमध्ये देशाचा झेंडा घेऊन चालला. २०१७ मध्ये अटवाल. २०१८ मध्ये परत अनाहिताला, कर्ट किटायामा जिंकला आणि दोन फटक्यांनी मागे, संयुक्त दुसरा, आपला चिक्करंगप्पा. सलग तीन वर्षं आपल्याकडचा कोणी ना कोणी दुसरा!

२०२० आणि २०२१ ला कोरोनामुळे स्पर्धा झालीच नाही. २०२२ ला उत्तरेकडच्या मों श्वाझी कोर्सवर परत सुरू झाली, रोझनेर पाच फटक्यांनी जिंकला, तीन वर्षांपूर्वी प्लेऑफमध्ये हरलेला तोच. २०२३ ला हेरिटेजच्याच नवीन ला रिझर्व लिंक्सवर लुई दे याखर, २०२४ ला पुन्हा मों श्वाझीला जॉन पॅरी. पण आता यात एशियन टूर नाहीये. स्पर्धा चांगली चालते, नवीन कोर्स टीव्हीवर अप्रतिम दिसतो, पण आपल्या पोरांसाठी जो दरवाजा उघडा होता तो बंद झाला आणि त्याबद्दल कोणी बोलत पण नाही. मला मनापासून वाटतं ती जागा परत मिळायला हवी.

जाणाऱ्यांसाठी थोडं. मे-जूनमध्ये सूर्य सहाच्या आतच बुडतो, म्हणून टी टाईम सकाळचाच घ्या. क्लबहाऊसचं जेवण छान आहे पण महाग, आम्ही येताना रस्त्यावरच्या ठेल्यावर गरम दालपुरी खाल्ली, आपल्या पुरणपोळीसारखी पातळ, आत चणाडाळ, वरून बीन्सची भाजी आणि मिरचीची चटणी, दोन खाल्ल्या की पोट भरतं. गाडी भाड्याने घेताना टायर नीट बघून घ्या, आम्हाला एकाने दिलेल्या गाडीचं स्टेपनी चाक सपाट होतं आणि ते रस्त्यात कळलं. नवीन शिकणाऱ्यांसाठी बाजूलाच ९ होलचा छोटा कोर्स पण आहे, मुलं असतील तर तिथे घेऊन जा.

माझ्याकडून ५ पैकी ५. निघताना स्टार्टर काकांनी बाबांना विचारलं डिसेंबरमध्ये स्पर्धेला येणार का, बाबा म्हणाले आपला कोणी खेळत असेल तर नक्की. बॉल आता पुण्यात देवघराच्या बाजूच्या फळीवर ठेवलाय, आईने तीनदा हलवला आणि बाबांनी तीनदा परत तिथेच ठेवला.