ओंडक्यावरची धिंगरी की पिशवीतली?

जुलैत ठाण्यात घोडबंदर रोडच्या सोसायट्यांत एक फोटो हमखास फिरतो. कोसळलेल्या आंब्याच्या ओंडक्यावर पांढऱ्या पंख्यांसारख्या अळंबीचे थर, खाली प्रश्न: "ही खाता येते का?" मला विचाराल तर ओंडक्यावरची डोळे भरून बघा, ताटात घरी पिशवीत वाढवलेली धिंगरी, म्हणजे ऑयस्टर मशरूम, घ्या.

ओंडक्यावरची धिंगरी असेलही. देठ आखूड, बहुधा एका कडेला. टोपीखालच्या पात्या देठावर उतरलेल्या. टोपी रात्रभर काळ्या कागदावर उपडी ठेवली तर पांढरट किंवा फिकट जांभळट ठसा. पण या खुणा जुळल्या म्हणजे खात्री झाली असं नाही. लाकडावर उगवणारी दुसरी अळंबीही अशी दिसते, आणि फोटोवरून होकार देणाऱ्यावर विसंबू नका. अळंबीसोबत शिजवलेला लसूण काळा पडतो का, चांदीचं नाणं काळवंडतं का, या घरगुती परीक्षा साफ खोट्या आहेत. उकळूनही सगळी विषं जात नाहीत. शिवाय अळंबी कॅडमियमसारखे जड धातू शोषून साठवते, त्यामुळे रहदारीच्या रस्त्याकडेचा ओंडका नकोच. येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग. तिथून काही तोडून आणायला कायद्यानं मनाई आहे.

पिशवीतल्या धिंगरीचं बियाणं, म्हणजे स्पॉन, ओळखीच्या जातीचं असतं. हा फरक मला सगळ्यात मोठा वाटतो. भाताचा पेंढा भिजवून गरम पाण्यातून काढायचा, निथळायचा, थरांमध्ये स्पॉन घालून अंधारात ठेवायचा. दोन-तीन आठवड्यांत पिशवी पांढरी होते; मग उजेड, हवा आणि रोज पाण्याचा फवारा. माझी पहिली पिशवी हिरव्या बुरशीनं गेली, कारण पेंढा नीट निथळला नव्हता. मुठीत दाबल्यावर पाणी ठिबकू नये, इतकाच ओलावा हवा. पावसाळ्यात ठाण्याची दमट हवा तिला मानवते, मे महिन्यात मात्र फारसं काही हाती लागत नाही. उन्हाळ्यातच लावायची असेल तर गुलाबी धिंगरी घ्या, ती उकाडा जास्त सोसते.

घरात कुणाला दमा असेल तर पिशवीही नको. बंद खोलीत तिचे बीजाणू त्रास देतात; सरळ बाजारातून ताजी आणा. लावलीच, तर टोपीच्या कडा वर वळण्याआधी काढा.

आमच्या सोसायटीतला ओंडका आम्ही कोपऱ्यात ठेवून घेतलाय. यंदा त्याला पुन्हा पंखे फुटलेत.