सॅबएनझेडबी की एनझेडबीगेट?
देवगडच्या मित्राला युजनेटवरून (संदेश आणि फायलींची देवाणघेवाण करणारं इंटरनेटवरचं जुनं जाळं) लिनक्सच्या फायली उतरवायच्या आहेत, पण त्यासाठीच्या या दोन प्रोग्रामांत त्याचं ठरेना. दोन्ही मोफत आणि मुक्तस्रोत. युजनेट सर्व्हरची वर्गणी मात्र वेगळी भरावी लागते, त्यामुळे खर्चात फरक नाही.

मांडणी सोपी कुणाची? नि:संशय सॅबएनझेडबीची. पहिल्यांदा उघडलं की सर्व्हरचा पत्ता, नाव, पासवर्ड विचारतं आणि कामाला लागतं. एनझेडबीगेटची सेटिंगची पानं लांबलचक आहेत. नवख्याला धास्ती वाटेल.

यंत्रावरचा भार हा खरा मुद्दा. सॅबएनझेडबी मुख्यतः पायथॉनमध्ये लिहिलंय, एनझेडबीगेट सी प्लस प्लसमध्ये. राउटरसारख्या दुबळ्या यंत्रांचाही विचार करून बनवल्यामुळे दुसरं मेमरी कमी खातं. मात्र फायलींचे तुटलेले तुकडे पार२ने (बिघडलेला भाग दुरुस्त करायची पद्धत) जोडताना आणि फायली उलगडताना जुना प्रोसेसर दोन्हीकडे घामाघूम होतो.

कोकणातल्या पावसाळ्यात वीज कधीही जाते. उतरवायच्या फायलींची रांग दोन्हींत डिस्कवर जपली जाते, त्यामुळे उतरवणं पुढे सुरू होतं. तरी इन्व्हर्टर घ्याच, डिस्कची काळजी कुठलंही सॉफ्टवेअर घेत नाही. डेटा मोजून वापरायचा असेल तर मर्यादा आणि वेळापत्रक दोन्हीत लावता येतं.

टिकाऊपणात सॅबएनझेडबीचं पारडं जड. एनझेडबीगेटच्या मूळ लेखकाने २०२२ मध्ये काम थांबवलं. आता वेगळा गट ते चालवतो. उतरवून घेताना आवृत्ती नवीन आहे ना, हे नक्की बघा.

घरचा बऱ्यापैकी डेस्कटॉप असेल तर सॅबएनझेडबी. कमी मेमरीचं जुनं यंत्र असेल आणि सेटिंगशी झटायची तयारी असेल, तर एनझेडबीगेट.