ऑइल गळतीच्या नावाखाली 45,050 रुपये गेले. जुनी डिझेल गाडी असलेल्यांनी वाचा

गाडीचा आजार होता 260 रुपयांचं एक पॅकिंग आणि चोंदलेला ब्रीदर, म्हणजे इंजिनातला दाब बाहेर सोडणारा पाइप. त्यासाठी माझ्याकडून 45,050 रुपये उकळले, आणि ज्या कामाचे पैसे घेतले ते काम केलंच नाही. हे लिहिताना लाज वाटते. वडिलांपासूनचा गाडीचा धंदा, इंदूरच्या आपल्या मराठी मंडळींत चार लोक मला विचारून गाड्या घेतात. पण गप्प बसलो तर तो माणूस उद्या दुसऱ्या कुणाला तरी गाठणार, म्हणून लिहितोय.

गाडी म्हणजे 2009 चा सहाचाकी ट्रक. मी आणि माझा मावसभाऊ आळीपाळीने चालवतो. चोइथराम मंडीतून बटाटा, लसूण भरायचा आणि आग्रा-मुंबई रोडने धुळे, नाशिक. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून तेल ठिबकत होतं आणि दर खेपेला वरून ऑइल घालावं लागत होतं. आरटीओची फिटनेस तपासणी तोंडावर आली होती. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला ती दरवर्षी करावी लागते, आणि गळकी गाडी घेऊन तिथे कोण जाईल? बायपासवरच्या एका गॅरेजवाल्याने बोट लावून, वास घेऊन लगेच सांगितलं, रिअर क्रँक सील गेलं, म्हणजे इंजिनच्या मागच्या टोकाला तेल अडवणारी रिंग. गिअरबॉक्स उतरवावा लागेल.

त्या दिवशी घरी बाबांचं वर्षश्राद्ध होतं. मी गॅरेजवर थांबू शकत नव्हतो. भावाला त्यांनी 'दोन दिवस लागतील, इथे उन्हात कशाला बसता' म्हणून घरी पाठवलं. हे मुद्दाम सांगतो, कारण 'तू समोर उभा का नाही राहिलास' असं मला आजवर सगळ्यांनी ऐकवलं आहे. वडिलांचं श्राद्ध सोडून मिस्त्रीच्या डोक्यावर कोण उभं राहतं?

संध्याकाळी फोन. "भाईसाब, सील का तेल क्लच पे चला गया, प्लेट जल गई." बिल असं: सील 2,400, क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेट 14,200, रिलीज बेअरिंग 1,850, ऑइल 5,100, मजुरी 6,500. एकूण 30,050. साध्या लेटरपॅडवर हाताने लिहिलेलं, जीएसटी नंबर नाही. पैसे यूपीआयने गेले, तेही तिसऱ्याच कुणाच्या नावावर, 'भतीजे का खाता है' म्हणून.

आणि आता ते, जे आठवलं की आजही झोप उडते. गाडी घ्यायला गेलो तेव्हा त्याने जुनी प्लेट माझ्या हातात दिली. रिबिटापर्यंत घासलेली. मी ती दोन्ही बाजूंनी फिरवून पाहिली. बोटांना काळी कोरडी पूड लागली. कोरडी! सीलमधून तेल सुटून ज्या प्लेटवर गेलं म्हणे, ती प्लेट तेलाने चिकट हवी, माखलेली हवी. क्लचवर तेल गेलं असतं तर भरलेली गाडी बिजासनचा घाट चढताना क्लच घसरला असता, आणि भाऊ तर आदल्याच खेपेला म्हणाला होता की घाटात गाडी छान ओढते. सगळं समोर होतं. पूड पँटला पुसली आणि पैसे पाठवले. दुसऱ्या दिवशी सकाळी मंडीत माल भरायचा होता, पार्टीचे फोन येत होते, मागे पाच-सहा गाड्यांचे हॉर्न वाजत होते. डॉक्टरने एक्स-रे दाखवून हाड मोडलं म्हटलं तर आपण एक्स-रे कुणाचा आहे ते विचारतो का? मी ट्रक चालवतो, इंजिन उघडत नाही.

पुढच्याच खेपेला तेल पुन्हा जमिनीवर. परत गेलो तर त्याचा आवाज वेगळाच. क्रँकवर सीलची जागा खाल्ली गेली आहे, हाफ इंजिन खोलावं लागेल, 15,000 ॲडव्हान्स. दिले, कारण आधीचे 30,050 अडकले होते. हीच त्यांची युक्ती असते: पहिला पैसा गेला की दुसरा आपण स्वतःहून देतो. गाडी नुसती उभी. 'लेथवाला आला नाही, सामान आलं नाही.' शेवटी वैतागून गाडी बाहेर काढली. ॲडव्हान्स आजपर्यंत परत नाही.

इंदूरमध्येच पालद्याकडे एक म्हातारे मिस्त्री आहेत. त्यांनी पाना उचललाच नाही. आधी थंड इंजिन डिझेल आणि ब्रशने धुवायला लावलं, वाळवलं, मागच्या बाजूला टाल्कम पावडर मारली आणि गाडी गरम होऊ दिली. पांढऱ्या पावडरीवर काळी रेघ उमटली ती वरून, टॅपेट कव्हरच्या (इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणाच्या) मागच्या कोपऱ्यातून, आणि ब्लॉकच्या पाठीवरून खाली बेल हाउसिंगपर्यंत, म्हणजे इंजिनला गिअरबॉक्स जिथे बोल्टांनी जोडतात तिथपर्यंत, आली. तेल खाली उतरतं आणि पंख्याच्या वाऱ्याने मागे सरकतं, त्यामुळे ठिबकतं एका ठिकाणी आणि गळतं दुसऱ्याच ठिकाणी. ब्रीदरचा पाइप काढला तर आत घट्ट गाळ. पिस्टनच्या बाजूने येणारा दाब बाहेर पडायला वाट नाही, मग तो कमजोर पॅकिंगमधून तेल ढकलतो. नुसतं पॅकिंग बदललं असतं तर महिन्याभरात पुन्हा गळलं असतं, असं काका म्हणाले. पॅकिंग 260, पाइप 190, मजुरी 800. एकूण 1,250. तेव्हापासून खाली थेंब नाही.

मग त्यांनी मला गाडीखाली बोलावलं आणि टॉर्च बेल हाउसिंगच्या बोल्टांवर मारली. सगळ्या बोल्टांच्या डोक्यांवर वर्षानुवर्षांचा माती-ग्रीसचा कडक थर, अखंड. पाना लागला असता तर थर तुटून लोखंड चमकलं असतं. गिअरबॉक्स उतरलाच नव्हता. सील, प्लेट, बेअरिंग, मजुरी, सगळं खोटं.

फोटो घेऊन ठाण्यात गेलो. 'हा दिवाणी मामला आहे, पैसे तुम्हीच दिलेत.' दुसऱ्या ठाण्यात, 'आमची हद्द नाही.' 1 जुलै 2024 पासूनच्या नव्या कायद्यात हद्द कुठलीही असो, तक्रार नोंदवून घ्यायची आहे. हे मी म्हटलं तर साहेब म्हणाले, वकील आहात का? बँकेत म्हणे पिन तुम्ही टाकलात. एका सरकारी हेल्पलाइनवर तक्रार टाकली. मला एकही फोन न करता 'निराकरण झाले' म्हणून बंद! कुणाचं निराकरण? पुन्हा उघडायला सांगितली तर तोच शेरा, तेच वाक्य. कर भरायचा आम्ही, टोल भरायचा आम्ही, कागद एक दिवस मागेपुढे झाला तर रस्त्यात गाडी अडवणार आमचीच, आणि दिवसाढवळ्या लुटलं तर सगळ्यांचे हात वर. युनियनच्या ऑफिसात चहा मिळाला, बाकी काही नाही.

ग्राहक आयोगात एकाने सांगितलं, ट्रक व्यावसायिक, तुम्ही ग्राहक नाही. हे ऐकून परत फिरू नका. पोटापाण्यासाठी स्वयंरोजगारात वापरलेली वस्तू 'व्यावसायिक' धरत नाहीत, असं 2019 च्या ग्राहक कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे. पाच लाखांपर्यंत फी नाही, आपण राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून नोंद करा. मी तक्रार टाकली आहे, सोबत बोल्टांचे फोटो आणि यूपीआयची पावती.

गळती असली तर इंजिन धुतल्याशिवाय कुणालाही काही उघडू देऊ नका. जो धुवायला नको म्हणतो, तिथून गाडी काढा. गिअरबॉक्सचं ऑइल घट्ट असतं आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो, डिझेल इंजिनचं काळं असतं. एवढं तरी स्वतः तपासा. 'गळती बंद' करणारी बाटली ओतायला देऊ नका. बिलावर जीएसटी नंबर लिहिला असेल तर जीएसटीच्या पोर्टलवर टाकून बघा. पैसे दुसऱ्याच्या खात्यात मागितले तर देऊ नका. गाडी सोडण्याआधी बोल्टांवर पांढऱ्या पेंटची रेघ मारा आणि फोटो काढा.

बायपासवर ज्यांनी गेल्या वर्षा-दोन वर्षांत गिअरबॉक्स उतरवल्याचं बिल भरलं आहे, त्यांनी आजच टॉर्च घेऊन गाडीखाली जावं. ग्राहक तक्रारीची मुदत दोनच वर्षं आहे.