अणुभट्टीजवळचं घर की गॅसलाइनजवळचं?

माझ्या मावसभावाची मुलगी आणि जावई न्यूयॉर्कच्या उत्तरेला, हडसन नदीच्या काठी घर शोधताहेत. चाळणी लावून लावून दोन घरं उरली. एक बुकॅनन गावात, इंडियन पॉइंट अणुप्रकल्पापासून जेमतेम मैलभर. दुसरं कॉर्टलँडमध्ये, प्रकल्पापासून चार मैल आत, छान झाडीत. पण परसाच्या मागून 42 इंची गॅसलाइन जाते. फोनवर तिनं विचारलं, "काका, अणुभट्टीपासून लांबचंच घेतलेलं बरं ना?"

"अगं, थांब जरा," म्हटलं. मी मूळचा बोईसरचा. तारापूरच्या 'ॲटॉमिक'ची लहानपणी आम्हाला कधी भीती वाटली नाही. खिडक्या हादरायच्या त्या एमआयडीसीतल्या केमिकल कंपन्यांमुळे. आता राहतो न्यू जर्सीत, एडिसनला. इथे 23 मार्च 1994 च्या रात्री 36 इंची गॅसलाइन फुटली आणि अपार्टमेंटच्या इमारती जळून खाक झाल्या. कुणाच्या तरी खोदकामात पाइपला आधीच इजा झालेली होती. तेव्हा माझा कल कुठे असणार, हे उघडच आहे. तरी दोन्ही बाजू मांडतो.

आधी प्रकल्प. युनिट 2 हे 30 एप्रिल 2020 ला बंद झालं आणि युनिट 3 बरोबर वर्षानं. वापरलेलं इंधन मात्र तिथेच आहे. सुरुवातीला ते पाण्याच्या खोल टाक्यांत होतं. टाकीतलं पाणी गार ठेवायला पंप हवा, पंपाला वीज हवी. म्हणजे वीज गेली की चिंता. 2023 पर्यंत सगळं इंधन पोलादी डब्यांत भरून जाड काँक्रीटच्या पिंपांत हलवण्यात आलं. हे पिंप खालून गार हवा घेतात आणि वरून गरम सोडतात. पंप नाही, वीज नाही. इंधन कायमचं कुठे न्यायचं ते अमेरिकेत अजून ठरलेलं नाही, त्यामुळे पिंप अनेक वर्षं तिथेच राहणार. पण बुकॅननमधल्या माणसाला त्यांच्यापेक्षा घरपट्टी जास्त जाचेल: प्रकल्पाकडून गावाला आणि शाळांना मिळणारा पैसा आटलाय.

आता गॅसलाइन. अमेरिकी नियमांत एक साधं सूत्र आहे. पाइपमधल्या दाबाचं (चौरस इंचाला पौंडांत) वर्गमूळ काढा, त्याला पाइपच्या इंचांतल्या व्यासानं गुणा, मग 0.69 नं. येणारा आकडा फुटांत. पाइप फुटून गॅसनं पेट घेतला, तर मोठी हानी व्हायची ती साधारण एवढ्या वर्तुळात. ही 42 इंची लाइन 850 पौंड दाबाची आहे. उत्तर येतं सुमारे 845 फूट. हे वर्तुळ म्हणजे लक्ष्मणरेषा नव्हे. कॅलिफोर्नियातल्या सॅन ब्रुनोला 9 सप्टेंबर 2010 ला 30 इंची लाइन फुटली, 8 माणसं गेली. तिथे सूत्रानं येतात सुमारे 400 फूट. आगीची झळ पोचली 600 फुटांपर्यंत.

व्यासाइतकाच महत्त्वाचा आहे वेळ. सॅन ब्रुनोला गॅस बंद करायला 95 मिनिटं लागली. आमच्या एडिसनला जवळजवळ अडीच तास.

हे आकडे मनात ठेवून इंडियन पॉइंटचं भांडण बघा. प्रकल्पाच्या आवारातून 1950-60 च्या दशकांतल्या दोन लाइनी, 26 आणि 30 इंची, आधीपासूनच जात होत्या. मार्च 2015 मध्ये केंद्रीय ऊर्जा नियामकानं हीच 42 इंची तिसरी लाइन टाकायला परवानगी दिली. कंपनी म्हणायची, आम्ही मुख्य इमारतींपासून अर्धा मैल लांब आहोत. विरोधक म्हणायचे, सुरक्षेशी संबंधित काही बांधकामांपासून फक्त 105 फूट. ऐकणाऱ्याला वाटायचं, कुणीतरी धडधडीत खोटं बोलतंय. कुणीच बोलत नव्हतं. टेपचं दुसरं टोक प्रत्येकानं आपल्या सोयीच्या जागी धरलं होतं. भट्टीवरचा काँक्रीटचा घुमट अर्ध्या मैलावरचा भडका सोसेल. पण घुमटाआतल्या भट्टीला बाहेरून वीज लागते, ती गेली तर डिझेलचा जनरेटर लागतो, आणि ती व्यवस्था काही घुमटाआत नसते. शिवाय जुन्या लाइनी नव्या लाइनीपेक्षा भट्टीच्या जास्त जवळ होत्या. त्यांच्याविरुद्ध एवढे मोर्चे निघाल्याचं मला आठवत नाही. नव्याची भीती, जुन्याची सवय.

अणुनियामक आयोगानं, म्हणजे एनआरसीनं, नव्या लाइनीला हरकत घेतली नाही. त्या हिशेबात एक गृहीतक होतं: पाइप फुटला, तर 3 मिनिटांत व्हॉल्व्ह बंद होतील. 95 मिनिटं आणि अडीच तासांच्या शेजारी हा आकडा ठेवून बघा! फेब्रुवारी 2020 मध्ये आयोगाच्याच महानिरीक्षकांनी त्या विश्लेषणावर ताशेरे ओढले. 3 मिनिटं वास्तवाला धरून नाहीत, असं सांगितलं. मग तज्ज्ञांचा गट नेमला गेला. त्यानं एप्रिलमध्ये दिलेला निष्कर्ष असा: आधीच्या हिशेबात चुका होत्या, गृहीतकं आशावादी होती, तरीही लाइन फुटल्यास भट्ट्या सुरक्षितपणे बंद करता येतील. हा निष्कर्ष बरोबर असेलही. पण गणित चुकलं आणि उत्तर बरोबर आलं, तर आमचे मास्तर मार्क देत नसत.

भट्ट्या बंद, इंधन पिंपांत, म्हणजे प्रकल्पासाठी हा वाद जवळजवळ संपला. गॅसलाइन मात्र 2017 पासून चालू आहे, आणि तिच्या शेजारी राहणाऱ्यांचा प्रश्न होता तिथेच आहे. एक गोष्ट पुतणीला मुद्दाम सांगितली. प्रकल्पाजवळच्या सुमारे 1.2 किलोमीटर तुकड्यासाठी जास्त जाड पाइप, जास्त खोली आणि वर काँक्रीटच्या लाद्या अशी खास तटबंदी ठरली होती. ती भट्टीच्या काळजीपोटी. कॉर्टलँडच्या परसाला तो मान नाही.

लाइनीच्या बाजूनंही बोललं पाहिजे. असे पाइप रोज फुटत नाहीत, देशभर त्यांच्या आसपास लाखो लोक सुखानं राहतात, आणि नवं पोलाद साठ वर्षांच्या पोलादापेक्षा नक्कीच बरं. घर 1,500 फुटांवर असतं, तर मी हा विषयच काढला नसता. म्हणून अंतर मोजायचं, आणि ते नकाशावर नाही. पाइपलाइनींचा सरकारी नकाशा इंटरनेटवर कुणालाही बघता येतो, पण त्यात 500 फुटांपर्यंत चूक धरलेली आहे. 845 फुटांच्या प्रश्नाला तो काय कामाचा? जागेवर जाऊन लाइनीच्या खुणेचे पिवळे खांब शोधायचे. खरेदीखतात कंपनीचा वहिवाटीचा हक्क किती रुंद पट्ट्यावर आहे, तेही वाचायचं. त्या पट्ट्यात ना खोली बांधता येते, ना आंबा लावता येतो. (न्यूयॉर्कच्या थंडीत आंबा कुठला, पण सफरचंदही नाहीच.)

परवा दोघं कॉर्टलँडला पुन्हा जाऊन आली. गॅरेजमागे पिवळा खांब सापडला, आणि त्याच्या पलीकडे झाडं तोडून सरळ नेलेला गवताचा पट्टा. स्वयंपाकघराच्या दारापासून खांबापर्यंत जावयानं पावलं मोजली: एकशे सात. रात्री तिनं एजंटला मेसेज टाकला, बुकॅननच्या घराची गेल्या तीन वर्षांची घरपट्टीची बिलं पाठवा.